काळाभोर

"टायर काळे कर बाळ, पण चमकवू नकोस."

२०१८ च्या उन्हाळ्यात गुरुजी माझ्या वॉशिंग सेंटरवर पहिल्यांदा आले, तेव्हा एवढंच म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक. पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि जिवापाड जपलेली पांढरी मारुती ८००. मी "हो गुरुजी" म्हणालो आणि गाडी रॅम्पवर घेतली. या धंद्यात मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. टायर काळे करायचे म्हणजे काय करायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तासाभरानं गाडी खाली आली. चारही टायर उन्हात लखलखत होते. गुरुजी वाकले. उजव्या हाताचं एक बोट टायरच्या बाजूवरून त्यांनी हळूच फिरवलं, बोटाला लागलेलं काळं तेल बघितलं आणि रुमालाला पुसलं. "नवरदेवाच्या डोक्याला तेल चोपडल्यासारखं दिसतंय रे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि ते निघून गेले.

त्या दिवशी मला झोप लागली नाही. गिऱ्हाइकाची बोलणी खाणं आम्हाला नवं नसतं. डाग राहिला, काच नीट पुसली नाही, सीट ओली राहिली, हे रोजचंच. गुरुजींचं दुखणं वेगळं होतं. त्यांनी माझ्याकडे कमी मागितलं होतं आणि ते कमी मला देता आलं नव्हतं. चमक वाढवायच्या दहा तऱ्हा मला ठाऊक होत्या, पण नको म्हणणाऱ्याला काय द्यायचं, ते मी कधी शिकलोच नव्हतो.

*

मी २००४ साली हायवेवरच्या एका सेंटरवर पाणी मारायला लागलो. तिथं ट्रक जास्त यायचे. ट्रक धुऊन झाला की खालून डिझेलचा फवारा मारायचा, आणि उरलेल्या डिझेलात जळकं ऑइल मिसळून ते फडक्यानं टायरला फासायचं, ही पद्धत. टायर काळेकुळकुळीत दिसायचे. पुढं मोटारी वाढल्या आणि बाटलीतलं टायर पॉलिश आलं. घट्टसर, पारदर्शक, नाकात जाणाऱ्या वासाचं. ते फवारलं की टायर काचेसारखा दिसायचा. काही जण ग्लिसरीन पाण्यात कालवून लावायचे, ते स्वस्त पडायचं.

तिथले मालक सांगायचे, "गिऱ्हाईक टायर बघून पैसे देतंय." त्यात तथ्य होतं. बोनेट कितीही मन लावून पुसलं, तरी ते आधी पुसलेलं असतं तसंच दिसतं. करडा, धुळकट टायर मात्र एका फवाऱ्यात बदलतो आणि चार पावलांवरून नजरेत भरतो. आमचं सगळं कसब त्या चार पावलांच्या अंतरासाठी होतं.

त्या चकाकीचं दुसऱ्या दिवशी काय होतं, ते आम्हाला दिसत नव्हतं, कारण गाडी गेलेली असायची. पुढं स्वतःचं सेंटर काढल्यावर त्याच त्याच गाड्या परत येऊ लागल्या, तेव्हा कळायला लागलं. चाक फिरलं की वर साचलेलं पॉलिश उडतं आणि चाकामागच्या पत्र्यावर, दाराच्या खालच्या भागावर त्याचे बारीक काळे ठिपके बसतात. ओशट टायरवर धूळ चिकटते. ग्लिसरीन तर हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यावर धुळीचा चिखलच होतो. आठवडाभरात टायर पहिल्यापेक्षा घाण दिसतो, आणि मग गिऱ्हाईक पुन्हा पॉलिश मारायला सांगतं. घाणीवर तेल, तेलावर घाण. असे थरावर थर घेऊन फिरणारे टायर मी वर्षानुवर्षं पाहिले आणि त्यांच्यावर आणखी एक थर चढवला.

*

गुरुजींच्या बोटावरचं ते तेल आठवलं की मला त्याच्या तीन वर्षं आधीची एक गोष्ट आठवायची. ती मी फारशी कुणाला सांगितली नव्हती.

जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाचं काम तेव्हा माझ्याकडे असायचं. विकायला काढलेली गाडी आतून-बाहेरून धुवायची, डॅशबोर्डला पॉलिश, टायरला पॉलिश. एकदा एक छोटी गाडी आली. टायर वाळलेले होते, बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या, थंडीत टाचेला पडतात तशा. मी घट्ट पॉलिशचे दोन हात मारले. भेगांमध्ये तेल भरलं, बाजू एकसारखी झाली, टायर नव्यासारखा दिसू लागला. मी स्वतः लांब उभा राहून बघितलं आणि काम छान झालं असं मला वाटलं.

महिनाभरानं तीच गाडी माझ्याकडे धुवायला आली. नवं लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांनी ती विकत घेतली होती. डिकीत फाटलेला टायर होता. गगनबावड्याच्या घाटात उतारावर तो फुटला होता. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली, दोघंही सुखरूप होते. "टायर तर चांगले दिसत होते ओ," तो मुलगा मला सांगत होता. मी तो टायर हातात घेऊन बघितला. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. त्या आकड्यांवरून टायर आठ वर्षांचा होता. ते आकडे माझ्याच पॉलिशखाली होते. मी ते आधीही वाचू शकलो असतो. मी टायरकडे बघितलंच नव्हतं, फक्त त्याच्यावर फवारलं होतं.

त्या मुलानं मला काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. त्या दिवशी गाडी धुण्याचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या विक्रेत्याचं काम पुढच्या महिन्यात सोडलं. पण पॉलिश तेच वापरत राहिलो, कारण दुसरं काही येत नव्हतं. म्हणून गुरुजींचं बोट मला इतकं लागलं.

*

टायर हा पदार्थ आहे तरी काय, हे मला पहिल्यांदा दोडामार्गला समजलं. पाहुण्यांच्या कामासाठी गेलो होतो. सिंधुदुर्गातल्या त्या भागात रबराच्या बागा आहेत. केरळहून आलेल्या लोकांनी तिथं रबर लावलं. पहाटे, गारव्यात, झाडाच्या सालीला तिरकी चीर देतात आणि खाली बांधलेल्या वाटीत दूध ठिबकत राहतं. अगदी म्हशीच्या दुधासारखं पांढरं. त्यात आम्ल घालून ते साकळवायचं, रुळांतून दाबून त्याच्या पोळ्या करायच्या, वाळवायच्या आणि धुरावर धरायच्या. धुरी दिलेली पोळी मी हातात घेतली. मधासारखा रंग होता, उजेडात धरली तर आरपार दिसत होतं.

मी आयुष्यभर ज्याला काळं करत होतो, ते मुळात काळं नव्हतंच. रबराला काळेपणा येतो काजळीनं. जड तेल अर्धवट जाळून जी काजळी धरतात, ती रबरात मळतात. ती रंगासाठी नसते. काजळीमुळं रबर घट्ट होतं, झिजायचं कमी होतं, उन्हातल्या अतिनील किरणांना तोंड देतं. मिशेलिन कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस १८९८ साली कागदावर आला, तो पांढरा आहे, कारण त्या काळी टायर फिक्या रंगाचेच असायचे. काजळी नंतर आली. आमच्याकडे आई दिव्यावर वाटी धरून काजळ पाडायची. ते काजळ काळंभोर, मऊ, उजेड गिळणारं असायचं. त्यात तुपाचा थेंब पडला की ते डोळ्यात घालण्याजोगं व्हायचं, आणि थेंब जास्त झाला की गालावर ओघळायचं. टायरचा खरा काळेपणा त्या काजळाचा आहे.

मग तो तपकिरी का पडतो? चांगला धुतलेला टायर महिन्याभरात खाकी दिसायला लागतो, तेव्हा लोकांना वाटतं की ही रस्त्याची माती. थोडी मातीच असते. पण बरंचसं टायरच्या आतूनच आलेलं असतं. हवेतल्या ओझोनमुळं रबराला भेगा पडतात. ते थांबवायला रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं घातलेली असतात, सिक्स-पीपीडी हे त्यातलं नेहमीचं. ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि टायरच्या आधी स्वतः ओझोनला सामोरी जातात. खर्ची पडलेलं ते रसायन तपकिरी दिसतं. टायर चालता राहिला, दबत-फुगत राहिला की आतला साठा वर येत राहतो. म्हणूनच महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला चालत्या गाडीपेक्षा लवकर भेगा पडतात. आणि आम्ही जे डिझेल फासायचो, ते याच मेणाला विरघळवून न्यायचं आणि रबराला फुगवून मऊ करायचं. टायर देखणा करतोय असं समजून मी त्याची ढाल काढून घेत होतो.

हे समजलं तरी हातात उपाय नव्हता. गुरुजींच्या गाडीला काय लावायचं, हा प्रश्न तसाच होता.

*

उत्तर पुरानं दिलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, कोल्हापूर अनेक दिवस तुटून राहिलं. पाणी ओसरल्यावर माझ्या सेंटरसमोर गाड्यांची रांग लागली. दोराला बांधून ओढून आणलेल्या गाड्या. सीटांवर गाळ, दिव्यांत पाणी. त्यात गुरुजींची मारुतीही होती. नदीकडच्या भागात त्यांचं घर. गाडी चार दिवस पाण्याखाली होती.

पुराचा गाळ साधा नसतो. लोण्यासारखा बारीक, वाळला की सिमेंटसारखा. टायरवरच्या अक्षरांत, रेषांत, रिमच्या कडेला तो इतका घट्ट बसला होता की पाण्याच्या नुसत्या फवाऱ्यानं निघेना. ब्रश घेऊन बसावं लागलं. साबणाचं पाणी मारायचं, घासायचं, धुवायचं, पुन्हा मारायचं. फेस आधी मातकट यायचा, मग तपकिरी, मग चहासारखा, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला पांढरा. त्या दिवसांत चमक कुणी मागत नव्हतं. पॉलिशच्या बाटल्या तशाच पडून होत्या. आम्ही फक्त धूत होतो. सकाळी सुरू केलेलं रात्री दहाला थांबायचं.

एका संध्याकाळी मी गुरुजींची गाडी पूर्ण करून बाजूला लावली आणि चहा घेत बसलो. टायर वाळत होते. समोरून तिरका उजेड पडत होता. आणि माझ्या लक्षात आलं, की हेच. हाच रंग गुरुजींनी मागितला होता. काळा, पण डोळ्यात न घुसणारा. पाऊस पडून उघडीप झाल्यावर, वरचं पाणी मुरून गेल्यावर शिरोळकडची काळी जमीन जशी दिसते तसा. त्याच्यावर मी काहीही लावलं नव्हतं. पंधरा वर्षांत टायर इतका मुळापासून मी कधी धुतलाच नव्हता.

पूर्ण वाळल्यावर तो रंग थोडा उतरला, करडेपणा आला. तरी दिशा सापडली होती. धुण्यानं नव्वद टक्के काम होतं, उरलेल्या दहासाठी काय लावायचं आणि किती, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

*

इथं मला माझ्या आजोबांच्या चपला आठवल्या. कोल्हापुरी, कातडी, करकर वाजणाऱ्या. दर पंधरा दिवसांनी रात्री ते चपलांना तेल द्यायचे आणि खुंटीला अडकवून ठेवायचे. सकाळी जुनं धोतर फाडून केलेल्या फडक्यानं त्या जोर लावून पुसायचे. लहानपणी मी विचारायचो, पुसायचंच आहे तर लावता कशाला? ते म्हणायचे, "प्यायचं तेवढं ते प्यालंय. वरचं धुळीला कशाला द्यायचं?"

कातडं तेल पितं तसं रबर पीत नाही, हे मला आता माहीत आहे. पण पृष्ठभागाचं शास्त्र जवळपास तसंच आहे. टायरची बाजू डोळ्याला सपाट दिसते, ती बारीक खडबडीत असते. वाळलेल्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून टायर करडा दिसतो. थोडासा द्रव त्या बारीक खळग्यांत उतरला की विखुरणं कमी होतं आणि काळा रंग गडद होतो. माती भिजल्यावर गडद दिसते, ती याचमुळं. पण द्रव इतका झाला की खळगे बुजून वर सपाट थर तयार झाला, तर तो आरशाचं काम करतो आणि उजेड एकाच दिशेनं परत पाठवतो. ती चकाकी. म्हणजे मला खळगे ओले करायचे होते, बुजवायचे नव्हते.

घट्ट, पारदर्शक, स्पिरिटच्या वासाचं पॉलिश मी बंद केलं. त्यात सिलिकॉनचं तेल पेट्रोलियम द्रावकात मिसळलेलं असतं. द्रावक उडून जातो, तेलाचा जाड थर राहतो. त्याऐवजी पाण्यात कालवलेलं, दुधासारखं दिसणारं ड्रेसिंग आणलं. त्यातही सिलिकॉन असतं, पण ते पाण्यात विखुरलेलं असतं आणि पाणी घालून आणखी पातळ करता येतं. जितकं पाणी जास्त, तितकी चमक कमी. हे कळल्यावर मी वहीच घातली. एका टायरचे चार भाग पाडायचे, प्रत्येकाला वेगळं प्रमाण, आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी येऊन बघायचं. स्वतःच्या गाडीच्या टायरवर खडूनं रेघा मारून मी दोन महिने फिरलो.

शेवटी जी पद्धत बसली, ती आजही तीच आहे. टायर गार हवा आणि गाडी सावलीत. आधी नुसतं पाणी. मग एका भागाला पाच भाग पाणी घातलेलं क्लीनर, आणि कडक केसांचा ब्रश. फेस पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही. ज्या टायरवर वर्षानुवर्षं पॉलिश चढलंय त्याला पाच खेपाही लागतात. नव्या टायरलाही धुवावंच लागतं, कारण साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात लावलेला ओशटपणा त्याच्यावर असतो. धुतल्यावर पांढरं फडकं फिरवायचं. फडकं काळं झालं तर परत ब्रश. मग वाळवायचं, अक्षरांच्या खाचांतलं पाणीसुद्धा हवेनं उडवायचं, कारण ओल्या जागी ड्रेसिंग धरत नाही आणि ओघळ दिसतात. मग निम्मं ड्रेसिंग, निम्मं पाणी, स्पंजवर चमचाभर. ते टायरवर फवारायचं नाही, स्पंजनं चोळायचं. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. आणि मग आजोबांसारखं, कोरड्या फडक्यानं जोर लावून पुसून घ्यायचं. शेवटी तळहात फिरवायचा. तळहात कोरडा आणि स्वच्छ राहिला पाहिजे.

जिथं टायर रस्त्याला टेकतो त्या नक्षीवर एक थेंबही जाता कामा नये, ब्रेकच्या डिस्कवरही नाही. दुचाकीच्या टायरला मी काहीच लावत नाही. वळणावर दुचाकी कलते, तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. तिथं तेल म्हणजे घसरणं. कितीही आग्रह झाला तरी मी तिथं हात जोडतो.

*

सहा महिन्यांनी गुरुजी आले. गाडी धुऊन दिली. ते पुन्हा वाकले, पुन्हा बोट फिरवलं. मग रुमाल काढला, तोही फिरवला, उलटून बघितला. पांढराच होता. त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "काय लावलंस?" मी म्हणालो, "लावलं थोडं गुरुजी, पुसलं जास्त." ते हसले आणि तिथंच खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. आपल्या भाषेत एका काळ्याला किती नावं आहेत, ते मोजून दाखवलं. काळाकुट्ट म्हणजे अंधाराचा. काळाकुळकुळीत म्हणजे तेल दिल्यासारखा, तकतकीत. काळाठिक्कर म्हणजे उन्हानं रापलेला, कोरडा. आणि काळाभोर म्हणजे आतपर्यंत भरलेला, डोळ्यांचा आणि केसांचा काळा. "तू आधी कुळकुळीत केलं होतंस," ते म्हणाले, "आता काळेभोर झालेत."

तेव्हापासून सेंटरवर आम्ही हाच शब्द वापरतो. गिऱ्हाईक आलं की पोरं विचारतात, "टायर कुळकुळीत पाहिजे का काळाभोर?" पहिल्यांदा ऐकणारा थबकतो. मग मी एक टायर दाखवतो. बहुतेक जण मान डोलावतात. काही जण म्हणतात, "पॉलिश मारलंच नाही की!" त्यांची समजूत काढायला मी दोन दिवसांनी परत बोलावतो. चकचकीत टायर दोन दिवसांत धूळ ओढून बसतो आणि हा अजून तसाच असतो. हे पटायला वेळ लागतो. पावसाळ्यात आमचं काम लवकर उतरतं, चार-आठ दिवसांत जातं, हे मी आधीच सांगून टाकतो. जे टिकत नाही ते टिकतं म्हणून विकायचं नाही, हे त्या घाटातल्या टायरनं मला शिकवलंय.

डिझेलचा फवारा तर केव्हाच गेला. आमच्या गटाराचं पाणी शेवटी ओढ्यानंच जातं आणि ओढा पंचगंगेला मिळतो. पुरात ती नदी माझ्या गिऱ्हाइकांच्या घरात शिरलेली मी बघितली आहे. तिच्यात आपण काय सोडतो, ते तेव्हापासून डोळ्यांपुढून जात नाही.

*

पण या कामातून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट रंगाची नाही. पॉलिश फवारताना टायरला हात लागत नव्हता. हातभर अंतरावरून, अर्ध्या मिनिटात चाक व्हायचं. आता प्रत्येक टायरच्या प्रत्येक इंचावरून हात किमान चार वेळा फिरतो. ब्रशनं, पुसताना, लावताना, शेवटी तळहातानं. चाकाजवळ उकिडवं बसून वीस मिनिटं काढली की टायर वाचायला यायला लागतो.

खाचांतली माती सांगते गाडी कुठून आली. तांबडी, चिकट असली तर फोंडा किंवा आंबोली उतरून कोकण-गोव्याला जाऊन आलेली. काळी असली तर पूर्वेकडची, उसाच्या पट्ट्यातली. पांढरट पूड असली तर खडी क्रशरच्या वाटेची. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं चालून आलेल्या टायरला पाचटाचे धागे चिकटलेले असतात. एकीकडचीच कड झिजली असेल तर अलाइनमेंट गेलेलं. मधली नक्षी जास्त झिजली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, टायर बदलायची वेळ झाली. आणि ते चार आकडे आता आम्ही प्रत्येक गाडीचे वाचतो आणि पावतीवर लिहून देतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो वापरू नये, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात. गिऱ्हाइकाला हे बहुधा पहिल्यांदाच कळतं.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पहाटे चारपासून रांग असते. गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, कुंकू लावून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा करायची, ही आपल्याकडची रीत. त्या दिवशी घाई इतकी असते की चमकवून पाठवण्याचा मोह मलाही होतो. दुपारी एक मोठी गाडी आली. घरचे सगळे दसरा करून लगेच आंबोलीमार्गे गोव्याला निघणार होते. माझ्याकडचा सगळ्यांत नवा पोरगा, एकोणीस वर्षांचा, मागचं डावं चाक पुसत होता. तो मध्येच थांबला. फडकं बाजूला ठेवून त्यानं नुसता तळहात फिरवला. मग परत फिरवला.

"अण्णा, हितं बघा जरा."

मी हात लावला. आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, लिंबाएवढा फुगा होता. खड्ड्याच्या दणक्यानं टायरच्या आतल्या दोऱ्या तुटल्या की हवा तिथून रबर बाहेर ढकलते. तो टायर घाटातल्या उन्हात, भरल्या गाडीखाली किती टिकला असता, ते मी सांगू शकत नाही. पलीकडच्या टायरचं साल बघितलं, तर त्यालाही सात वर्षं झाली होती. मी मालकांना बोलावलं आणि त्यांचाच हात धरून त्या फुग्यावर ठेवला. ते काही बोलले नाहीत. आत बसलेल्या आपल्या मुलांकडे त्यांनी एकदा बघितलं. स्टेपनी लावून ते तसेच टायरच्या दुकानात गेले.

संध्याकाळी ते परत आले, मागं दोन नवे टायर घालून. हार घालायचा राहिला होता. नव्या टायरला अजून रबराचे बारीक केस होते आणि रंगीत रेघा होत्या. पोरानं विचारलं, "नव्याला काय लावू?" मी म्हणालो, "काही नको. धू आणि पूस." त्यानं धुतले, पुसले आणि उठून चार पावलं मागं सरकला. पुढचे दोन टायर चार वर्षं रस्त्यावर चाललेले, दुपारी आम्ही धुतलेले. मागचे दोन त्याच दिवशी दुकानातून आलेले. तो बराच वेळ पुढं-मागं बघत राहिला.

मग त्यानं चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आणि गाडी हळूच पुढं सरकली.